मिक्सर मागे, वाफ पुढे

पंधरा-वीस वर्षं जुनी डिझेल पिकअप, मागे हुकाला स्लॅबचा हॉपरवाला मिक्सर आणि समोर खंबाटकी घाटाचा चढ, अशा तिघांची गाठ पडली की इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे निघतो. बॉनेटखालून वाफ आली की पाच मिनिटांत चार माणसं गोळा होतात. ती कुठून उगवतात, हे मला अजून उमगलेलं नाही. पहिला म्हणतो, ‘पाणी मारा.’ दुसरा म्हणतो, ‘थर्मोस्टॅट काढून फेका,’ म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. तिसरा मान हलवत ‘हेड गेलं’, म्हणजे इंजिनचा सिलिंडरवरचा भाग गेला, असं जाहीर करतो. चौथा काहीच बोलत नाही, सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो. आधी त्या चौथ्याला आवरावं.

ते झाकण साधं नसतं. 0.9 बारचं झाकण आतलं पाणी इतकं दाबून धरतं, की ते 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती थेट तोंडावर येते. म्हणून किमान अर्धा तास थांबायचं. वरचा होजपाइप फडक्यातून दाबून बघायचा. टणक लागला तर अजून अर्धा तास, आणि चौथ्याला चहाला पाठवायचं. पहिल्यालाही सोबत धाडावं, कारण तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणजे तिसऱ्याचं भाकीत खरं ठरतं.

आता मुद्द्याचं. माझं ठाम मत असं, की ‘काय बिघडलं’ हे विचारण्याआधी ‘कधी तापते’ हे विचारावं. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा झाला की निवते, तर संशय फॅनवर. रिकामी असताना गुणी आणि मिक्सर लावला की तापते, तर रेडिएटर किंवा वॉटर पंपावर. घाटात मात्र दोन्ही दुखणी एकदम बाहेर पडतात. गाडीचा वेग ताशी वीस, म्हणजे समोरून वारा नाही. इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये टनावरचं ओझं ओढतंय, म्हणजे डिझेल भरपूर जळतंय, आणि त्यातली साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्याच्या गळ्यात.

फॅनला व्हिस्कस क्लच, म्हणजे गरम झाल्यावर घट्ट तेलाच्या जोरावर फॅनला पकडणारा क्लच, असेल तर तपासणी फुकट आहे. गरम इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून पाती हाताने फिरवावी. जड लागली तर ठीक. भिंगरीसारखी गरगरली तर आतलं सिलिकॉन तेल गेलं. क्लचच्या तोंडाशी तेलकट धूळ दिसली तर पुरावाही मिळाला.

मिक्सर ओढणाऱ्या गाडीचा रेडिएटर मात्र बघण्यासारखा असतो. साइटवरची सिमेंटची धूळ जाळीत बसते, मग कोणीतरी हौसेने गाडी धुतो, आणि रेडिएटरला आतून-बाहेरून गिलावा होतो. बाहेरून सिमेंटचा, आतून बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. जाळी इंजिनच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवावी. प्रेशरने पाणी मारलं तर जाळीचे पातळ पत्रे आडवे होतात. गाडी बंद करून फॅन थांबला की जाळीवर हात फिरवावा, मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. एक भामटा आणखी असतो, खालचा होजपाइप. आतली स्प्रिंग गंजून गेली की रेस दिल्यावर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि गाडी थांबवताच पुन्हा साळसूद. त्यामुळे रेस देताना दुसऱ्या माणसाने बघत राहावं लागतं. इथे तिसरा कामाला येतो.

दुसऱ्याच्या थर्मोस्टॅटबद्दल. तो खरंच अडकलाय का, हे पातेल्यात पाणी तापवून कळतं. अंगावर 82 लिहिलं असेल तर तेवढ्याला उघडायला लागतो. पातेलं मात्र परत स्वयंपाकघरात नेऊ नये, कुलंट विषारी असतं. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी आडवाट, बंद करते. तो काढून फेकला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरमागरम इंजिनात परततं. उपाय सांगणारा निघून जातो, काटा तिथेच.

हेडची खात्री शेवटी. थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडून ती चालू करावी. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसत असेल, तर तिसऱ्याला नमस्कार करून गॅरेज गाठावं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे चढ चालू असताना काटा अचानक खाली येणं. ड्रायव्हर खूश होतो. खरं तर पाणीच संपलेलं असतं. सेन्सर कोरडा पडला की त्याला काही कळत नाही. तेव्हा गाडी लगेच बंद करायची. पाणी आहे, फॅन फिरतोय आणि काटा नुसता वर सरकतोय, तर मात्र बंद करू नये. बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये थोडी रेस धरावी, म्हणजे पाणी फिरत राहतं.

गाडीला हीटर असेल तर तोही पूर्ण सोडावा, तो छोटा रेडिएटरच असतो. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, काचा खाली, हीटर फुल्ल, मागे मिक्सर. शेजारून एसी गाडीतली माणसं बघत जातात. बघू द्यावं.