खुलासा : पारदर्शक वाहक थराला ‘कुठलंही द्रावण’ चालत नाही

बडोद्यातल्या मराठी विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय : झिंक ऑक्साइडच्या सोल-जेल थरासाठी (म्हणजे काचेवर द्रावण पसरून, सुकवून, भट्टीत तापवून बनवलेल्या पातळ थरासाठी) द्रावण कुठलंही घ्या, घरीच बनवा; भट्टी ५०० अंशांवर नेली की काच वीज वाहू लागते. हे चूक आहे. भट्टी लागतेच, पण बरंच काही त्याआधीच ठरलेलं असतं.

झिंक ॲसिटेट (जस्ताचा क्षार) २-मेथॉक्सिइथेनॉल या द्रावकात नुसतं ढवळलं तर द्रावण गढूळ राहतं. जस्ताच्या मोलांइतकं मोनोइथेनॉलअमाइन थेंबाथेंबाने घालून ६० अंशांवर ढवळत राहा, ते नितळ होतं. अमाइन जस्ताच्या आयनांना धरून ठेवतं, साका बसू देत नाही. हा द्रावक सुमारे १२४ अंशांना उकळतो, म्हणून थर सावकाश सुकतो आणि स्फटिकांना नीट रचायला सवड मिळते. वाहकतेसाठी द्रावणात मिसळायचं ॲल्युमिनियम जस्ताच्या मानाने साधारण १-२ टक्के पुरे. फार वाढवलं तर जास्तीचं स्फटिककणांच्या सीमांवर साचतं आणि रोध उलट वाढतो.

आणि कृपा करून हे घरी करू नका. २-मेथॉक्सिइथेनॉल प्रजननक्षमतेला घातक आहे, कातडीतूनही शरीरात जातं. हातमोजे आणि फ्यूमहूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं प्रयोगशाळेतलं कपाट) नसेल तर बाटली उघडूच नका.