हॉलची किल्ली पोरांकडे द्या की!

आपल्या नागपुरात आर्ट कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन असलं की मी जातोच. पोरांचं काम चांगलं असतं, मांडणी मात्र बघवत नाही. भिंतीवर वीतभर जागा मोकळी नसते, कारण एखाद्याचं चित्र वगळलं की रुसवेफुगवे. खाली कात्रीने कापलेली कागदी पट्टी: नाव, वर्ग, 'मिश्र माध्यम'. काय मिसळलंय ते विचारावं, तर चित्रकार पाहुण्यांच्या चहाच्या मागे.

पोरांना चित्र काढायला शिकवतात, निवडायला कोणी शिकवत नाही. माझं भांडण इथे आहे.

अमेरिकेत अनेक कॉलेजांची स्वतःची संग्रहालयं आहेत आणि तिथे समकालीन कलेची प्रदर्शनं विद्यार्थी उभी करतात. विषय त्यांचा, निवड त्यांची, भिंतीवरचा मजकूरही त्यांचाच. ओबर्लिन कॉलेजात तर १९४० पासून मुलं संग्रहालयातली अस्सल चित्रं सत्रभर भाड्याने आपल्या खोलीत नेऊन लावतात. भाडं पाच डॉलर!

"त्यांच्याकडे पैसा आहे हो," हे उत्तर ठरलेलं. पण वीस चित्रांतली बारा बाजूला काढायला कुठे पैसा लागतो? ती का काढली, हे वर्गमित्राला तोंडावर सांगायला लागते ती हिंमत. चित्राचा मध्य साधारण पावणेपाच फुटांवर, म्हणजे डोळ्यांच्या पातळीत ठेवायचा, जलरंगावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पाडायचा नाही, ह्या गोष्टी स्वतः टांगल्याशिवाय अंगात मुरत नाहीत. आपल्याकडे जलरंगावर थेट हॅलोजन मारतात, वर म्हणतात, कसं झकास दिसतंय!

कोचीच्या बिनालेने, म्हणजे तिथे भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाने, २०१४ पासून कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी बिनाले सुरू केली, म्हणजे हे आपल्या देशात जमतं.

प्राचार्यांची खरी भीती वेगळी आहे आणि ती खोटी नाही. २००७ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात एका कला विद्यार्थ्याची परीक्षेची चित्रं आक्षेपार्ह आहेत म्हणून राडा झाला. मुलांनी उत्तर म्हणून भारतीय कलेतल्याच शृंगारिक प्रतिमांचं प्रदर्शन मांडलं. विद्यापीठाने ते बंद पाडलं, प्रभारी अधिष्ठाता निलंबित. हे ऐकल्यावर कोण किल्ली देईल? पण मला विचाराल तर त्या गदारोळातलं सगळ्यात शहाणं उत्तर त्या पोरांचंच होतं. घोषणांना त्यांनी निवडीने उत्तर दिलं.

आपल्याकडे तर १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे नागपूरचं संग्रहालय आहे. शिलालेख, जुन्या मूर्ती, शस्त्रं, सगळं गावातच. त्यातल्या एखाद्या मूर्तीच्या फोटोशेजारी आजच्या पोराचं काम लावून बघा ना. जमेल, फसेल, बोलायला विषय तर होईल!

वार्षिक प्रदर्शन उतरलं की पंधरा दिवस हॉल तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या चार पोरांना द्या. अटी दोनच. पंधराच्या वर चित्रं नकोत, आणि प्रत्येकाखाली चार ओळी मराठीत, गेटवरच्या वॉचमनकाकांनाही कळतील अशा. उद्घाटनाला पाहुणा बोलावला नाही तर फारच उत्तम.