देवीच्या नावानं चालतं, स्वतःच्या नावानं का चालू नये?

सर, नमस्कार.

चित्रकार भूपेन खख्खर यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. तुमचे आक्षेप असे: समलैंगिकतेबद्दल बोलायचं होतं तर सरळ बोलावं, विदूषकी सोंगं कशाला? जिथं के. बी. कुलकर्णींनी रवी परांजप्यांसारखे चित्रकार घडवले, त्या बेळगावात असल्या बेढब नग्नतेचं कौतुक कशाला? हे आपल्याकडचं नव्हे. आणि मुलं वाचतात, तेव्हा लेख काढून टाका. तुम्ही जन्मभर ड्रॉइंग शिकवलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७२च्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी खख्खरांनी स्वतःचे फोटो काढून घेतले. एकात ते जेम्स बाँड, एकात मिस्टर युनिव्हर्स, एकात टूथपेस्टच्या जाहिरातीतला हसरा पुरुष. माणूस शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट, बडोद्यात हिशेबाचं काम करून चित्रं काढणारा. अंग तालमीतलं नव्हेच. ‘स्वतःचं हसं करून घेतलं’ असं तुम्ही म्हणता. मला त्या फोटोंत हसू येतं ते बाँडचं आणि पैलवानाचं. पुरुष म्हणजे काय हे सिनेमा आणि जाहिराती ठरवत होत्या; खख्खरांनी तो पुरुष आपल्या साध्या अंगावर चढवून पाहिला आणि त्याचा पोकळपणा उघडा पडला. मोठी हिंमत आहे ही.

ते सरळ बोललेच नाहीत, असंही नाही. १९८१चं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ बघा. बाल्कनीत एक माणूस नागडा उभा आहे, समोर बापलेक आणि गाढवाची गोष्ट घडते आहे. लोक काय म्हणतील या धास्तीनं चालणाऱ्या त्या दोघांकडे तो निवांत बघतो. तो माणूस म्हणजे स्वतः खख्खरच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढच्या वर्षी ‘टू मेन इन बनारस’: दोन विवस्त्र पुरुष एकमेकांच्या मिठीत, त्यातला एक पिकल्या केसांचा. सर, पिकल्या केसांना इच्छा असते हे आपल्या चित्रकलेत किती जणांनी रंगवलं? शरीररचना तुमच्या वर्गात पास झाली नसती, कबूल. पण घोटीव, सुडौल देह काढला असता तर ती इच्छा पुन्हा देखण्यांचीच राहिली असती. आणि हे सगळं कायद्यानं गुन्हा असतानाचं. खख्खर २००३मध्ये गेले. समलैंगिक संबंध गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ कलमावरचा निकाल आला २०१८मध्ये.

‘आपल्याकडचं नव्हे’ हे मात्र मला लागलं. सौंदत्तीचा यल्लम्मा देवीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात ना? पुनवेला देवीला वाहिलेले जोगप्पा लुगडं नेसून, डोक्यावर जग (देवीच्या मूर्तीची टोपली) घेऊन चौंडक्याच्या तालावर नाचतात, आणि आपल्या आयाबाया त्यांच्या पाया पडून भंडारा लावून घेतात. गुर्लहोसूरही याच जिल्ह्यातलं. तिथं जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका केल्या आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. देवीच्या नावानं चालतं, रंगभूमीच्या नावानं चालतं. जत्रा उठली की त्याच जोगप्पाला खोली भाड्यानं द्यायला लोक कां कूं करतात. खख्खरांनी देवीचा आडोसा घेतला नाही, नाटकाचाही नाही. माझं शरीर, माझी ओढ, असं म्हणून ते उभे राहिले. विनोदानं त्यांना तिथवर नेलं, असं मला मनापासून वाटतं: १९७२मध्ये पुरुषपणाचा धाक हसून घालवला, म्हणून १९८१मध्ये कपडे उतरवता आले.

राहिला प्रश्न लेख काढण्याचा. निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या वर्गात चालण्याबोलण्यावरून रोज चिडवून घेणारा पोरगा आत्ताही बसला असेल. अशी पोरं तुमच्याही वर्गात येऊन गेली असतील. त्याला हे मराठीत वाचायला मिळायला हवं. लेख काढणार नाही. तुमची प्रतिक्रियाही त्याखाली तशीच राहील.