आधी त्याच्या हातात तक्रारीची प्रत द्या!

आज तेरा दिवस झाले. आमच्या ऑफिसातल्या एका माणसाला घरी बसवलंय आणि त्याच्यावर नेमका आरोप काय, हे अजून त्यालाच कुणी कागदावर दिलेलं नाही. डोकं फिरायची वेळ आली आहे माझ्यावर.

त्याचं नाव सांगणार नाही आणि तक्रार करणाऱ्या मुलीचं तर नाहीच नाही. तो दोषी आहे का? मला माहीत नाही, मी तिथं नव्हते. पण ते ठरवायला चौकशी असते ना? मग ती करा की रीतसर!

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला त्याला एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. लैंगिक छळाची तक्रार आलीये, सोमवारपासून येऊ नका. पत्र? नंतर मेल करू. तक्रारीत काय आहे? ते गोपनीय आहे. वर सल्ला, राजीनामा देऊन टाका, तुमचंच भलं होईल. गेटवर वॉचमननं आयकार्ड काढून घेतलं आणि स्कूटरवरचं पार्किंगचं स्टिकर नखानं खरवडायला लागला. अर्धं निघालं, अर्धं तसंच राहिलं. अख्खं कॅन्टीन खिडकीतून बघत होतं. सोमवारी सकाळी दहापर्यंत चारही मजल्यांवर दोघांची नावं झालेली. हीच का तुमची गोपनीयता? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, सोळाव्या कलमात, दोघांचीही ओळख बाहेर फोडायला मनाई आहे. ती पोरगी खाली मान घालून जेवत होती, तिच्या टेबलावर कुणी बसेना. आणि एचआरनं तिलाही विचारलं म्हणे, मिटवून घेतेस का? अहो, समेटाची मागणी तिच्याकडून आली तरच तो करता येतो, तुम्ही कोण विचारणारे?

रविवारी मी त्याच्या घरी गेले. कायदा आणि नियम मोबाइलवर उघडून आम्ही ओळ न् ओळ वाचली. 2013 चा कायदा आणि त्याच वर्षीचे नियम, वाचायला दोन तास पुरतात. पगार घेऊन एचआरमध्ये बसणाऱ्यांना तेवढे दोन तास मिळत नाहीत? तक्रार आल्यापासून कामाच्या 7 दिवसांत तिची प्रत समोरच्याला पाठवायची. उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी द्यायला त्याला कामाचे 10 दिवस. चौकशी 90 दिवसांत संपवायची, निष्कर्षांची प्रत दोघांनाही द्यायची. चौकशी करणाऱ्या ऑफिसच्या अंतर्गत समितीसमोर वकील आणता येत नाही, ना तिला, ना त्याला. मग माणसानं बाजू मांडायची कशाच्या जोरावर? हातातल्या कागदाच्याच ना? आणि तोच कागद तुम्ही दाबून ठेवलाय!

निघताना त्याची बायको दारापर्यंत आली. "ताई, तुम्ही तरी सांगा, काय केलंय यांनी?" मी काय सांगणार? नवऱ्यावर चिडावं की त्याला धीर द्यावा, हेसुद्धा त्या बाईला ठरवता येत नाहीये.

"आरोपीला कसले आलेत हक्क?" असं परवा एक सिनियर मॅडम मला म्हणाल्या. मी स्वतः बाई आहे. वर टीमलीडच्या "जवळ येऊन बस ना" मुळे पहिली नोकरी सोडलेली बाई आहे. हा कायदा बायकांनी भांडून मिळवलाय. कामाच्या ठिकाणच्या छळावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल, त्यानंतर कायदा व्हायला 16 वर्षं. म्हणून तर जास्त संताप येतो. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाचं प्रकरण बघा. विद्यार्थिनींच्या तक्रारी 2009 च्या. समितीनं शेवटच्या सुनावण्या घाईघाईत उरकल्या, त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. 12 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. 14 वर्षांनी! त्या मुलींच्या पदरात काय पडलं? आमच्या इथल्या पोरीचंही हेच होईल. उद्या हा अपिलात जाईल, प्रत दिली नाही म्हणून सगळं रद्द होईल आणि तिला तेच सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागेल. हे एचआरला कळत नाही, की कळूनही काही पडलेलं नाही?

दोघांना समोरासमोर यायला नको, हे मलाही पटतं. त्यासाठी सोय आहे ना! तिनं लेखी मागितलं तर समिती बदलीची शिफारस करू शकते, तिला 3 महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते. निलंबित करायचं तर तसा लेखी आदेश काढा. तोंडी "येऊ नका" म्हणजे काय? उद्या म्हणाल, न सांगता गैरहजर राहिला!

त्यानं आत्तापर्यंत तीन मेल पाठवलेत. तिसऱ्यात एकच ओळ आहे, तक्रारीची प्रत मिळावी. मेल सोमवारी गेला. आज गुरुवार. साधी पोचसुद्धा नाही.