शेवटची पाहणी कधी झाली?

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीपासून एकच विषय चालू आहे: फाट्यापासून गावापर्यंतचा सहा किलोमीटरचा रस्ता. गाव पश्चिम विदर्भात, चहूकडे कपाशी आणि तूर. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. तेव्हापासून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, खिशातून पैसे गेले की साहेब लोक जागे होतील. दुसऱ्याचं म्हणणं, भरपाईचं सोडा, एकदाचा सिमेंट रोडच मागा. त्या गदारोळात माझ्या पुतणीने विचारलं, "आत्या, तुमच्याइकडचे रोड तं चांगलेच असतीन ना?"

ती बारावीला आहे. मुलींना शाळेत नेणारी मानव विकासची बस पावसाळ्यात रपट्यापाशी, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापाशी, रस्ता खचल्यापासून फाट्यावरूनच परत जाते. सहा किलोमीटर जाणं, सहा येणं. कधी कुणाच्या मोटारसायकलवर, कधी पायी. तिला ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी इंग्लंडच्या एका ग्रामीण काउंटीत राहते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची औषधं, आंघोळ, जेवण बघते, त्यामुळे सारा दिवस खेड्यापाड्यांच्या अरुंद रस्त्यांवर गाडी चालवण्यात जातो. इथे खड्डे आहेत, पुष्कळ आहेत. हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठून फुगतं, मग वितळतं, आणि दोन-चार वेळा असं झालं की डांबर सुटतं. निवडणुकीत इथेही खड्ड्यांवरून भांडणं होतात. 2025 मध्ये तर सरकारने इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे रस्ते सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थांना, सांगितलं की खड्ड्यांसाठी काय केलं ते 30 जूनपर्यंत लोकांसमोर लिहून मांडा, नाहीतर वाढीव निधीतला काही भाग मिळणार नाही.

मागच्या हिवाळ्यात पहाटे कामावर जाताना अशाच एका खड्ड्यात माझं पुढचं टायर फुटलं. मी भरपाईचा अर्ज केला. काही आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. मला फार राग आला, कारण ते टायर म्हणजे माझी दीड दिवसाची कमाई होती. रागातच मी पत्रासोबतचा दुसरा कागद वाचायला घेतला आणि वाचता वाचता थांबले.

त्या कागदावर माझ्या रस्त्याची हकिगत होती. तिथे दिवसाला पन्नास गाड्याही जात नसतील, तरी रस्त्याला स्वतःचा क्रमांक होता. खाली तारखा होत्या: या दिवशी पाहणी, त्या दिवशी पाहणी. प्रत्येक तारखेपुढे काय दिसलं ते. शेवटच्या पाहणीत त्याच जागी उथळ खड्डा नोंदलेला होता आणि दुरुस्तीइतका खोल नाही असा शेरा होता. इथल्या बऱ्याच कौन्सिला साधारण 40 मिलिमीटर खोली धरतात. त्याच्या वर गेला की खड्ड्याभोवती रंगाने चौकोन आखून जातात. माझा खड्डा पाहणीनंतर खोल झाला होता. पैसे गेले, पण कागद मी जपून ठेवला आहे.

ही नोंदवही कौन्सिल हौसेने ठेवत नाही. पूर्वी इंग्लंडमध्ये रस्ता दुरुस्त केलाच नाही म्हणून कुणाला कोर्टात खेचता येत नसे. चुकीची दुरुस्ती केली तरच जबाबदारी यायची. 1961 च्या कायद्याने ती सूट काढली. आजच्या 1980 च्या कायद्यातही कर्तव्य तेच आहे आणि बचावही तोच: आम्ही वाजवी काळजी घेतली हे कौन्सिलने सिद्ध करायचं. सिद्ध करायचं तर तारीखवार पाहणी हवी.

1961 हेच साल आपल्याकडेही मोठं आहे. पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीच्या शिफारशींवरून त्याच साली जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. रस्त्यांची राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामीण मार्गापर्यंतची उतरंड तर त्याआधीच, 1943 साली, नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली होती. म्हणजे आमच्या रस्त्याला वर्ग आहे, क्रमांक आहे, मालक म्हणून जिल्हा परिषद आहे. नाही ती फक्त पाहणीची तारीख. निदान गावात कुणाला ती पाहायला मिळालेली नाही.

फाट्यावर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक आहे. गेल्या वेळी आले तेव्हा बाभळीच्या फांद्या बाजूला करून वाचला. लांबी, खर्च, ठेकेदार, आणि खाली पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम, वर्षावर्षाची वेगळी. पाच वर्षं रस्ता खरंच बरा होता. सहाव्या वर्षासाठी फलकावर ओळच नाही. तिथून पुढे रस्ता पोरका झाला.

सिमेंट मागणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे की पाणी कुठे काढणार? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. साइडपट्टीला मुरूम नसला, बाजूची नाली बुजलेली असली, तर पाणी रस्त्याच्या पोटात जातं. मग वर डांबर असो की सिमेंट, खालची जमीन हलली की तडा जाणारच. आणि नाल्या बुजवल्या कुणी? आम्हीच. दरवर्षी नांगराचं एकेक तास जास्त हाणत आपण वावर रस्त्याच्या कडेपर्यंत आणलं. आमच्या स्वतःच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, वडिलांच्या वेळी गुडघाभर नाली होती, आता तिथे तूर पेरली जाते.

भरपाईच्या बाजूने मी पूर्ण आहे. पण सहा लाख मिळायला माणूस मरावा लागतो. मला ती रक्कम हवी आहे ती तिच्या धाकाने ठेवल्या जाणाऱ्या वहीसाठी. कनिष्ठ अभियंत्याने पावसाच्या आधी आणि नंतर हा सहा किलोमीटर चालून पाहावा, रपटा कुठे खचला ते लिहावं, खाली तारीख टाकून सही करावी आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी. याला नवीन योजना लागत नाही, भूमिपूजन लागत नाही. माझ्या टायरचे पैसे बुडवणाऱ्या त्या कागदाइतका एक कागद लागतो.

पुतणीला मी त्या कागदाचा फोटो पाठवला आणि फोनवर ओळ न् ओळ मराठीत सांगितली. तिने वहीच्या पानावर तसेच रकाने आखलेत. 1 मेच्या ग्रामसभेत भाऊ तिच्या हाताने लिहिलेला अर्ज देणार आहे: आमच्या रस्त्याची शेवटची पाहणी कधी झाली, कुणी केली, काय आढळलं. तूर निघाली आहे. धुऱ्याजवळची नाली ग्रामसभेआधी मोकळी करायची असं आमचं ठरलं आहे, जेसीबीचे पैसे मी पाठवले आहेत.