चेंबरमध्ये खडेमीठ ओतण्याआधी

आमच्या पूर्व भागातल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरत होता, तुमच्याकडेही आला असेल. ड्रेनेजच्या चेंबरमधून कुजक्या अंड्यासारखा वास येतोय? आत पाच किलो खडेमीठ टाका. मिठात एकही जंतू जगत नाही, गंधकाच्या विषारी वायूत तर नाहीच नाही, आणि वास थांबला की धोका संपला. खाली नेहमीचं 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे'. कोणते, कुठले, पत्ता नाही. शेजारच्या काकांनी मिठाची पिशवी आणूनही ठेवली, म्हणून लिहायला बसलो.

आधी साधा हिशेब. चेंबरमध्ये हजार लिटर पाणी धरलं तर पाच किलो मीठ म्हणजे अर्धा टक्का. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के खारं असतं आणि मुंबईच्या खाडीचा चिखल नेमका हाच वास मारतो. शिवाय सकाळी दोघांच्या आंघोळी झाल्या की तुमचं अर्धा टक्का मीठही पुढच्या चेंबरला पोचलं.

आता 'मिठात एकही जंतू जगत नाही'. हा समज लोणच्याच्या बरणीतून आलेला आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं. जंतूच्या पेशीतूनही तसंच पाणी ओढलं जातं आणि बहुतेक जंतू थंड पडतात. बहुतेक, सगळे नव्हेत. मीठप्रेमी जंतू पेशीच्या आत एक्टोइन किंवा ग्लायसिन बीटेनसारखे पदार्थ साठवतात, त्यामुळे आतलं पाणी आतच राहतं. गंमत म्हणजे १९८५ मध्ये एक्टोइन पहिल्यांदा सापडलं तेच गंधकाची संयुगं वापरणाऱ्या एका मीठप्रेमी जंतूत. आज ते महागड्या क्रीममध्ये घालतात. ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या सरोवरातला हॅलोथायोबॅसिलस हॅलोफिलस हा गंधकावर जगणारा जंतू तर लिटरमागे दोनशे ग्रॅमहून जास्त मिठातही वाढतो. इतकं लांब कशाला, २०२० च्या जूनमध्ये आपलं लोणार गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यातल्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळेच. (ते गंधकावर जगत नाहीत, पण मिठाला भीत नाहीत एवढं खरं.)

पण हे पदार्थ पेशीत बनवायला खर्च येतो. तो भागतो कशातून? इथे मेसेजवाल्याचा 'विषारी वायू' उपयोगाला येतो. आपण कडक भाकरी खातो म्हणजे अखेरीस तिच्यातले इलेक्ट्रॉन काढून श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. त्या देवघेवीत जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपण चालतो. गंधकावर जगणारे जंतू तेच करतात, फक्त भाकरीच्या जागी हायड्रोजन सल्फाइड (तोच कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू) किंवा थायोसल्फेट हे गंधकाचं दुसरं संयुग. सल्फाइडचं सल्फेट होईपर्यंत गंधकाच्या एका अणूकडून आठ इलेक्ट्रॉन मिळतात. ते पेशीच्या पटलातून ऑक्सिजनकडे जाताना प्रोटॉन बाहेर ढकलले जातात, आणि ते प्रोटॉन परत आत येताना एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. दर मोल (रेणू मोजायचं ठरावीक माप) सल्फाइडमागे सुमारे ८०० किलोज्यूल सुटतात. अमोनियाचं नायट्राइट करणाऱ्या जंतूंना याच्या जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो; फार खाऱ्या पाण्यात ते टिकत नाहीत आणि गंधकवाले टिकतात, यामागे हा जमाखर्च असावा असं मानतात. बरं, कार्बनसाठी त्यांना साखरही नको, कार्बन डायऑक्साइड पुरतो. गंधकावर जगणारे जंतू असतात हे विनोग्राडस्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८८७ मध्येच दाखवलं होतं. त्याच्या धाग्यासारख्या जंतूंत गंधकाचे कण दिसत. सल्फाइड नसलेल्या पाण्यात ठेवले की ते कण हळूहळू संपून जात.

मेसेजमधली मोठी गल्लत म्हणजे वास करणारे आणि वास खाणारे एकाच माळेत ओवलेत. वायू तयार करणारे जंतू तळाच्या गाळात, हवा नसते तिथे बसलेले असतात. खाणाऱ्यांना हवा लागते. म्हणून गाळ उपसणं आणि पाणी वाहतं ठेवणं हाच उपाय. मिठाचा सल्फाइडशी काही संबंधच नाही. डाईहाऊसमधल्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या, कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. सल्फर ब्लॅक या काळ्या रंगाला सोडियम सल्फाइड लागतं, रिअॅक्टिव्ह जातीच्या रंगाला पोत्यांनी मीठ, आणि मीठ पडलं म्हणून तिथला वास कधी गेलेला नाही.

वास खाणारे काही अगदी साधुसंत नाहीत. मागे गल्लीतलं सिमेंटचं झाकण बदललं तेव्हा जुनं रस्त्याकडेला पडलं होतं. वरून धडधाकट. खालून किल्लीने खरवडलं तर ओल्या खडूसारखा लगदा निघाला, मधून सळई दिसत होती. वर चढलेला वायू झाकणाखालच्या ओलीत हेच जंतू खातात, त्याचं गंधकाम्ल होतं आणि सिमेंटचा जिप्सम. मिठातलं क्लोराइड त्या उघड्या सळईला आणखी गंजवेल, ते वेगळंच.

राहिलं 'वास थांबला की धोका संपला'. हे वाक्य मात्र जीवघेणं आहे. हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग हायड्रोजन सल्फाइड झाला की थोड्या वेळात नाकाला वास कळेनासा होतो. वायू तिथेच असतो, नाक गेलेलं असतं. काकांना तेवढंच सांगून आलो: मीठ स्वयंपाकघरात ठेवा, झाकण उघडून आत वाकू नका, आणि गाळ काढायला माणूस न उतरवता सक्शनची गाडी बोलवा.