गोळी चुकवून घेतलेला पेग

"आज दोन पेग घ्यायचेत, मग रात्रीची गोळी नको." हृदयाची औषधं चालू असलेल्या ज्येष्ठांमध्ये हा हिशोब सर्रास चालतो, आणि माझ्या मते सगळ्यात घातक तोच.

गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं क्लोपिडोग्रेल घेतलं की रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स निकामी होतात, त्या मरून नव्या येईपर्यंत. त्याला ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे एका रात्रीची गोळी टाळून दारूमुळे पोटात रक्तस्राव व्हायचा धोका काही जात नाही. उलट अशा रात्री वाढल्या आणि स्टेंट नवा असला, तर त्यात गुठळी होऊ शकते. नाडी आणि बीपी आवरणारी मेटोप्रोलॉल मध्येच सोडली की दोन्ही उसळतात. सोडायचा तो पेग सोडा हो, गोळी नाही!

"आम्ही फक्त बिअर घेतो" हेही नेहमीचंच. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. त्यात वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून चाळिशीत पचलेलं माप सत्तरीत जास्त चढतं.

खरी भीती रात्रीची. बीपीची प्राझोसिन, लघवी वाढवणारी गोळी, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन ही सगळी बीपी उतरवतात, दारूही उतरवते. दोन वाजता लघवीला उठायचं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि डोकं बाथरूमच्या उंबऱ्यावर. अ‍ॅसिट्रोम किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बाहेर खोक नसली तरी आत रक्त साचू शकतं. "बरं वाटतंय" म्हणाले म्हणून झोपवू नका, त्याच रात्री हॉस्पिटलात नेऊन सीटी स्कॅनचं विचारा. आडवं असताना बीपी मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा.

रक्त पातळ करणाऱ्या या दोन गोळ्यांवर एका बैठकीत भरपूर प्यायलं तर आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा तपासणीचा आकडा) वाढतो, रोज भरपूर पिणाऱ्यांचा बहुधा घटतो. मग डोस बसणार कसा? हृदयासाठी घेतात त्या आयुर्वेदिक अर्जुनारिष्टातही आंबवण्यातून तयार झालेलं थोडं अल्कोहोल असतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

डॉक्टरांना "कधीतरी" असं सांगू नका, मिलीत सांगा. बायपाससाठी दाखल होताना तर नक्कीच. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, बडबड, झटकेही येऊ शकतात. आधी माहीत असेल तर त्यावर औषध देता येतं.